पिवळी बाकं

अप्पांची बस संध्याकाळी यायची, आणि गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू आला की आई कॉफीसाठी दूध तापत ठेवायची. आम्ही तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत भाड्यानं राहत होतो. दोन खोल्या, पुढं रस्त्याला लागून तिण्णै, म्हणजे दारापुढचा ओटा, आणि मागं सगळ्या बिऱ्हाडांची मिळून एक विहीर. शेजारच्या घरात पितळी ताटांवर ठोके मारून नक्षी उठवायचं काम चाले. ती टकटक दुपारभर कानात असे, आणि सणावारी थांबली की उलट चुकल्यासारखं वाटे. गल्लीत बहुतेक घरं मराठी बोलणारी. आमचं मराठी म्हणजे तमिळच्या चालीवर म्हटलेलं जुनं मराठी. ‘सगळी’ला आम्ही ‘अस्की’ म्हणायचो, ‘मी सांगितलं’ऐवजी ‘मी सांगितलों’. लिहायला मात्र कुणालाच येत नव्हतं. अप्पा मामाला मराठीतून पत्र लिहीत ते तमिळ लिपीत. मी देवनागरी शिकले ती लग्नानंतर, नवऱ्याची नोकरी नागपुरात होती म्हणून. आज हे लिहिताना अप्पांच्या तोंडची वाक्यं माझ्या हातून थोडी पुस्तकी होतात. त्याला इलाज नाही.

अप्पा पापनाशमच्या पुढं कालव्याकाठच्या एका गावात ड्रॉइंग मास्तर होते. शाळा गावातल्या लोकांनीच चालवलेली. शाळेच्या अलीकडं जमीनदारांची रुंद गल्ली आणि देऊळ, आणि कालव्याच्या पुलापलीकडं भाताच्या शेतांवर राबणाऱ्या दलित मजुरांची वस्ती. तिला सगळे नुसतं ‘पलीकडं’ म्हणत. अप्पा रोज दहीभात आणि नार्तंगायचं, म्हणजे महाळुंगाचं, लोणचं घेऊन सकाळच्या बसनं जात आणि बोटांवर रंगीत खडूची पूड घेऊन परत येत. हात धुवायच्या आधीच त्यांचं सांगणं सुरू होई. मी तेव्हा बारावी होऊन घरीच बसले होते. कॉलेजात जागा मिळाली नव्हती आणि माझ्या लग्नाची कुजबुज चालू होती, त्यामुळं अप्पांचं ते सांगणं हीच माझी दिवसातली बाहेरची हवा होती.

एका संध्याकाळी ते आले आणि कॉफीचा दाबरा, म्हणजे पेल्याखालची खोल वाटी, तसाच हातात धरून तिण्णैवर बसले. म्हणाले, “आज मी सातवीला सरळ रेघ काढायला सांगितलों. एकाचीही सरळ आली नाही. वाटलं, पोरं टंगळमंगळ करतायत. मग खाली वाकून बघितलों.”

“काय बघितलंत?” आईनं विचारलं.

“पाय. अस्की पोरांचे पाय लोंबकळतायत. पुढचं डेस्क हनुवटीपर्यंत येतंय. खांदा कानाला लावून लिहितायत बिचारी. तसं बसून मलासुद्धा रेघ यायची नाही, अगो.”

शाळेतली बाकं सगळी एकाच मापाची होती. मोठ्या मुलांसाठी कधीतरी केलेली, तीच पहिलीपासून दहावीपर्यंत सगळ्या वर्गांत वाटलेली. पूंगोडी नावाची एक मुलगी रेघ नीट यावी म्हणून बाकावर गुडघे टेकून बसली होती. गणिताचे मास्तर व्हरांड्यातून जाताना त्यांनी ते पाहिलं आणि आत येऊन तिच्या पोटऱ्यांवर पट्टी ओढली. अप्पांच्या तासाला, अप्पांच्या देखत. हे सांगताना अप्पांचा आवाज बारीक झाला होता. “ती पोरगी बरोबर करत होती,” ते म्हणाले. “चूक बाकाची आहे.”

त्या वाक्यानं आमच्या घरातले पुढचे कित्येक महिने व्यापून टाकले. अप्पांनी एक उंच खांब करून घेतला, त्याच्यावर वरखाली सरकणारी फळी, आणि बसायला एक चौकोनी खोका. पायाखाली ठेवायला पातळ-जाड फळ्या. मुलाला खोक्यावर बसवायचं, तळवे पुरते टेकेपर्यंत पायाखाली फळ्या सारायच्या आणि गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून तळव्यापर्यंत मोजायचं. ती बाकाची उंची. मांडीची लांबी घ्यायची आणि त्यातून चार बोटं वजा करायची, म्हणजे बाकाची कड खळगीत रुतत नाही. कोपर काटकोनात वाकवून त्याची उंची घ्यायची, ते डेस्क. पाठीची फळी खांद्याच्या पात्याच्या खाली यायला हवी. हे सगळं अप्पांनी कुठून गोळा केलं मला माहीत नाही. काही वाचून, आणि पुष्कळसं रात्रीच्या जेवणानंतर आईला पाटावर, स्टुलावर, तांदळाच्या डब्यावर बसवून बघून. आईही पदर खोचून मुकाट्यानं बसायची, कधी हसायची. माझ्या आठवणीत त्यांचं एकमेकांशी इतकं बोलणं दुसऱ्या कुठल्या काळात झालेलं नाही.

मुलींची मापं पुरुष मास्तरनं घेणं शक्यच नव्हतं, म्हणून अप्पा मला बरोबर नेऊ लागले. शाळेच्या मागच्या खोलीत मी, टेप आणि तो खोका. दारात मुलींची रांग. डोक्याला चोपडलेलं खोबरेल, वेणीतली अबोली, धुळीनं राखाडी झालेली पावलं. गुडघ्यामागं टेप लावला की बहुतेकींना गुदगुल्या व्हायच्या. पूंगोडी मला तिथंच पहिल्यांदा दिसली. तेरा वर्षांची, पण दिसायला नऊ-दहाची. मोठे डोळे आणि हातावर रांगोळीचं पीठ वाळलेलं.

“अक्का, हे कशाला?” तिनं विचारलं.

“तुला नीट बसता येईल असं बाक करायचंय.”

“माझ्यासाठी?”

“तुझ्यासाठी. तुमच्या सगळ्यांसाठी.”

माप झाल्यावर खोक्यावरून उतरायला तिनं उगीच वेळ लावला.

घरी आल्यावर अप्पा मोठ्या कागदावर एकेका मुलाचा ठिपका मांडत. तो कागद आमच्या पुढच्या खोलीत, देवाच्या तसबिरीशेजारी लावलेला होता. ठिपके भरत गेले तसं दिसू लागलं की एकाच वर्गातली, एकाच वयाची मुलं एका मापाची नाहीत. काही ठिपके वर गेले होते, काही खाली, आणि खालचे पुष्कळ होते. अप्पांना त्यात फक्त लाकूड दिसत होतं. ते म्हणाले, “एका वर्गाला एक माप चालायचं नाही. प्रत्येक वर्गात तीन मापं हवीत.” आणि झाडूवाल्या बाईलासुद्धा बाक कुठलं ते कळावं, मुलांची सकाळी गफलत होऊ नये, म्हणून त्यांनी बाकांच्या कडेला रंगाचे पट्टे ठरवले. लहान मापाला पिवळा, मधल्याला हिरवा, मोठ्याला तांबडा.

हेडमास्तर चांगले गृहस्थ होते, थकलेले. अप्पांनी नेलेली ठिपक्यांच्या कागदाची नक्कल त्यांनी बराच वेळ पाहिली. मी तिथंच उभी होते. ते म्हणाले, “मास्टर, पिवळ्यावर कोण बसणार ते बघितलंत का?”

“ज्याचे पाय आखूड तो बसेल, सार.”

“आणि आखूड पाय कुणाचे आहेत?”

अप्पांनी कागदाची गुंडाळी केली. मग ताठ होऊन म्हणाले, “मी मापं घेताना कुणाची जात विचारली नाही.”

“तुम्ही विचारली नाहीत,” हेडमास्तर म्हणाले. “गावाला विचारावी लागत नाही.”

तरीही त्यांनी परवानगी दिली. शाळेच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं लाकूड दिलं आणि गावातल्या आसारीनं, म्हणजे सुतारानं, सातवीच्या वर्गापुरती बाकं करायला घेतली. बसमध्ये मी अप्पांना विचारलं, हेडमास्तर काय म्हणत होते. अप्पा म्हणाले, “हे त्यांच्या गावचं जुनं भांडण. आपण मराठी. आपल्याला त्यात ओढायचं कारण नाही. शरीर ते शरीर.” अप्पा मनानं स्वच्छ होते, आणि त्यांना वाटे की तेवढं पुरतं. आता मी त्यांच्यापेक्षा म्हातारी झाले आहे. आम्ही त्या मुलखात इतक्या पिढ्या राहिलो, तिथलंच जेवलो, तिथल्याच भाषेत भांडलो, आणि ज्याची लाज वाटावी तेवढंच ‘त्यांचं’ म्हणत आलो.

नवी बाकं लागली तो दिवस मात्र खरोखर सुखाचा होता. मीही गेले होते. कडुनिंबाच्या लाकडाचा कडवट वास वर्गात भरला होता. मुलं आपापल्या रंगावर जाऊन बसली आणि एकाएकी शांत झाली. पावलं जमिनीला टेकल्यावर पोरं किती शांत होतात ते मी त्या दिवशी पाहिलं. अप्पांनी फळ्यावर एक रेघ काढली. पूंगोडीनं पाठ फळीला लावली, कोपर डेस्कवर ठेवलं आणि कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. मग कागद उचलून डोळ्यांसमोर आडवा धरून पाहिला. त्या संध्याकाळी आईनं सोजी केली. अप्पा दोनदा वाढून घेऊन जेवले आणि पुढच्या वर्षी पहिली ते तिसरीची बाकं कशी करायची ते सांगत राहिले.

त्यानंतर काय झालं ते एका दिवसात झालं नाही. अप्पाही रोजच्यासारखं येऊन सांगत, पण हळूहळू त्यांचं सांगणं कमी झालं. आधी एवढंच कळलं की जमीनदारांच्या गल्लीतला एक मुलगा अंगानं लहानखुरा होता, त्याला पिवळं बाक आलं होतं. त्याचे वडील शाळेत आले आणि दुसऱ्या दिवसापासून मुलगा तांबड्यावर बसू लागला, पाय लोंबकळत. मग पलीकडचा एक उंच मुलगा तांबड्यावर होता, त्याच्या शेजारी बसायला कुणी तयार होईना. त्याला हिरव्यावर, मग तिथूनही पिवळ्यावर पाठवलं. त्याचे गुडघे डेस्कला घासून सोलवटत. अप्पा हेडमास्तरांशी बोलले, गणिताच्या मास्तरांशी भांडले. पण ते इतर तासांना वर्गात नसत, आणि ड्रॉइंगचा तास आठवड्यातून एकदाच. थोड्याच दिवसांत खालच्या मापाच्या बाकांवर एकही गल्लीतलं मूल राहिलं नाही. ‘मंजळ बेंच’, म्हणजे पिवळं बाक, ही शिवी झाली. दुपारी पाण्याच्या पिंपाशी ‘मंजळ शेवटी’ असं मुलंच ओरडू लागली. पूर्वीही पलीकडची मुलं मागंच उभी राहत, पण त्याला नाव नव्हतं. नाव अप्पांच्या ब्रशनं दिलं.

पूंगोडी एक दिवस त्या बाकावर बसायला तयार झाली नाही. गणिताच्या मास्तरांनी तिला उभं केलं. दुसऱ्या दिवशीही ती उभी राहिली, तिसऱ्याही. त्यांनी विचारलं की ती म्हणे, “मला जुनं बाक द्या.” सातवीची जुनी बाकं मोडून त्यांच्या फळ्या कधीच नव्यांत गेल्या होत्या. ड्रॉइंगच्या तासाला अप्पांनी तिला त्यांच्या खुर्चीवर बसायला सांगितलं तेव्हा वर्ग हसला आणि ती रडायला लागली. त्यानंतर ती शाळेत यायची बंद झाली.

अप्पा मला घेऊन तिच्या घरी गेले. एकट्यानं जाणं बरं दिसलं नसतं. कालव्याचा पूल ओलांडून त्या वस्तीत जायची माझी ती पहिली वेळ होती, आणि मला वाटतं अप्पांचीही. तिची आई कामावरून नुकतीच आली होती. पायांवर चिखल तसाच होता. तिनं घाईघाईनं चटई अंथरली आणि स्वतः उंबऱ्याबाहेर उभी राहिली. उन्हातून आल्यामुळं अप्पांनी पाणी मागितलं. ती गोंधळली. घरात माठ होता, त्याच्यावर पालथा पेला होता, मला तो दिसत होता. पण तिनं शेजारणीला हाक मारून दुकानातून दोन सोड्याच्या बाटल्या मागवल्या. अप्पा काहीतरी म्हणायला गेले आणि थांबले. बाटल्या आल्या. आम्ही त्या प्यायलो. मला अजून कळत नाही की तेव्हा अप्पांनी हट्टानं माठातलं पाणी मागायला हवं होतं की नाही.

“पूंगोडी,” अप्पा म्हणाले, “बाकात काही चुकलंय का? कुठं लागतं का तुला?”

“नाही सार. बाक चांगलं आहे. पाठ दुखत नाही.”

“मग शाळेत का येत नाहीस?”

ती आईकडं बघत राहिली. आई म्हणाली, “सांग सारना. एवढे आलेत.”

“आधी मी वर्गात बसायचे,” ती म्हणाली. “आता मी पिवळ्यावर बसते. रस्त्यानं जाणारेसुद्धा खिडकीतून बघून सांगतात आम्ही कोण ते.”

“पट्टे काढून टाकतो मी. येशील?”

तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. अप्पांनी मात्र ते हो म्हणून घेतलं.

रविवारी आम्ही दोघं पॉलिश पेपर घेऊन गेलो आणि सबंध दिवस पट्टे खरवडत बसलो. रंग लाकडात मुरला होता. कडा पांढुरक्या पडेपर्यंत घासावं लागलं. अप्पांच्या बोटांची सालं निघाली. मग अप्पांनी सगळी बाकं वर्गात एकमेकांत मिसळून मांडली, लहानाच्या शेजारी मोठं, पुढं-मागं कसंही. सोमवारी मी त्यांच्याबरोबरच गेले, कारण पूंगोडी येईल असं आम्हाला वाटत होतं. ती आली नाही. बाकीची मुलं आली. त्यांनी दारातून एकदा वर्गावर नजर फिरवली आणि कुणीही काही न सांगता सगळी बाकं उचलून होती तशी लावली. पलीकडची मुलं ठेंगण्या बाकांवर जाऊन बसली, गल्लीतली उंच बाकांवर. रंगाची आता गरज राहिली नव्हती. बाकाची उंचीच सांगत होती. अप्पा फळ्यापाशी उभे होते. त्यांनी खडू उचलला, पुन्हा ठेवला, आणि तास संपेपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिले.

त्याच आठवड्यात त्यांनी आसारीला बोलावलं. सगळी बाकं एका उंचीची करायला सांगितली, तांबड्या मापाची. आसारी म्हणाला, “सार, मग आधीसारखंच होईल.” अप्पा म्हणाले, “तसंच करा.” ठेंगण्या बाकांच्या पायांना खाली लाकडी ठोकळे जोडले गेले. अप्पा जवळ उभे राहून एकेक खिळा ठोकून घेत होते, आणि मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना म्हणून मी व्हरांड्यात जाऊन बसले. हेडमास्तर तिथून गेले. ते अप्पांना म्हणाले, “आता वाद राहिला नाही, मास्टर. सगळी सारखी.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच हायसं वाटलं होतं.

आईनं भिंतीवरचा ठिपक्यांचा कागद कधी काढला मला माहीत नाही. एक दिवस तिथं नुसती भिंत होती. ती अप्पांना काही विचारत नसे. संध्याकाळी ते यायचे, हात धुवायचे, कॉफी प्यायचे आणि तिण्णैवर बसायचे. शेजारची टकटक तेवढी चालू असे. माझ्या नातवाच्या पुण्यातल्या शाळेत आता वरखाली होणाऱ्या खुर्च्या आहेत, मुलाच्या वाढीप्रमाणं. सून मला मोबाइलवर त्यांचे फोटो दाखवते. छान आहेत. मी म्हणते, छान आहेत. त्या शाळेत कालव्यापलीकडचं कुणी मूल येतं का, हे मी तिला विचारत नाही, कारण उत्तर मला ठाऊक आहे.

बाकं एकसारखी झाल्यावर अप्पा मला म्हणाले, “एकदा जाऊन तिला सांगून येऊ. आता पिवळं काही राहिलं नाही म्हणावं.” रोपणीचे दिवस होते. घराला कडी होती. शेजारच्या म्हातारीनं शेताकडं बोट केलं. बायका रांगेनं वाकून रोपं लावत होत्या, त्यांत आईशेजारी पूंगोडी होती, गुडघाभर पाण्यात, परकर वर खोचलेला. ती रांगेत सगळ्यांत लहान होती, तरी तिचा हात मागं पडत नव्हता. अप्पांनी बांधावरून हाक मारली. रांग थांबली नाही, पण बायकांच्या माना वळल्या. पलीकडच्या बांधावर देखरेखीला असलेले दोघं पुरुष आपसांत काही बोलून हसले. पूंगोडी आईशी बोलली आणि पाण्यातून वाट काढत आमच्याकडं आली. हातातली रोपांची जुडी तिनं खाली ठेवली नाही.

अप्पा घाईनं म्हणाले, “बाकं सगळी एकसारखी केली मी. आता कुणाला काही कळायचं नाही. तू ये.”

तिनं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात, पाण्याकडं बघत म्हणाली, “सार, तुम्ही पुन्हा येऊ नका.”

“का?”

“तुम्ही त्या दिवशी येऊन गेलात, तेव्हापासून लोक आईला विचारतात. वरच्या जातीतले मास्टर या पोरीसाठी घरी का आले म्हणून. मालकही विचारतात. अप्पांना त्यावरून परवा मार बसला.”

तिच्या तोंडी ‘अप्पा’ म्हणजे तिचे वडील. मला क्षणभर काही समजलंच नाही. माझ्या अप्पांनी दोन्ही हात पुढं केले, जणू तिच्या हातातली जुडी घ्यावी तसे, आणि मग ते तसेच खाली घेतले.

“बरं, अम्मा,” ते म्हणाले. “नाही येणार.”

ती वळली आणि रांगेत आपल्या जागी जाऊन वाकली. आम्ही बांधावरून निघालो तेव्हा ते दोघं पुरुष अजून आमच्याकडं बघत होते. बस उशिरा आली. ती रिकामी होती, तरी अप्पा तंजावरपर्यंत दांडी धरून उभेच राहिले, आणि मी त्यांना बसा म्हटलं नाही. पुढं निवृत्त होईपर्यंत ते त्याच शाळेत ड्रॉइंग शिकवत होते. कालव्याचा पूल त्यांनी पुन्हा ओलांडला नाही.